शुल्क महाविद्यालयाचे की जागेचे?

बारावीचा निकाल लागला की घराघरांत महाविद्यालयांची नावे निघू लागतात आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "तिथे शुल्क किती?" प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. व्यावसायिक शिक्षणात शुल्क बहुधा महाविद्यालयावरून नव्हे, तर मिळालेल्या जागेवरून ठरते. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांनी भरलेल्या रकमांत अनेक पटींचे अंतर असू शकते.

कर्नाटकात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९८९ च्या अधिसूचनेनुसार तेथील खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत शासकीय जागेचे वार्षिक शुल्क २,००० रुपये होते. राज्यातील इतर विद्यार्थ्यांसाठी ते २५,००० पर्यंत, तर परराज्यांतील विद्यार्थ्यांसाठी ६०,००० रुपयांपर्यंत होते. मेरठच्या मोहिनी जैन यांना ही शेवटची रक्कम झेपणारी नव्हती. १९९२ मध्ये न्यायालयाने अशी आकारणी बेकायदेशीर ठरवली. पुढे १९९३ आणि २००२ च्या निकालांनी नियम पुन्हा बदलले. जागांचे प्रकार मात्र राहिलेच.

म्हैसूरला, म्हणजे आताच्या मैसुरूला, अभियांत्रिकी शिकू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हे ठाऊक हवे. तेथील खासगी महाविद्यालयांत काही जागा राज्याच्या सीईटीतून, काही कॉमेडकेच्या परीक्षेतून, तर काही व्यवस्थापनाच्या कोट्यातून भरल्या जातात. सर्वांत स्वस्त असलेल्या सीईटीच्या जागा मुख्यतः कर्नाटकातील रहिवाशांसाठी असतात. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि गडहिंग्लज या तालुक्यांत शिकलेल्या, कन्नड मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांना मात्र विहित अटींवर तेथे अर्ज करता येतो. सीमाभागातील अनेक घरांना ही तरतूद माहीतच नसते!

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती महाराष्ट्रातील संस्थांपुरती आहे. वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत मिळणारी संपूर्ण शुल्कमाफीही तशीच. कोल्हापूरची मुलगी म्हैसूरला गेली, तर शासकीय जागा आणि शुल्कमाफी या दोन्हींना ती मुकते. तोच अभ्यासक्रम सांगलीत मिळत असेल, तर केवळ नावासाठी एवढा खर्च करणे समंजसपणाचे नाही.

आवडीचा विषयच दुर्मीळ असेल, तर हिशेब बदलतो. वाणी आणि श्रवणदोषांच्या उपचारांचे शास्त्र शिकायचे असल्यास १९६५ मध्ये स्थापन झालेली म्हैसूरची केंद्रीय संस्था अखिल भारतीय प्रवेश परीक्षेद्वारे देशभरातील विद्यार्थी घेते. येथे दूर जाण्याला अर्थ आहे.

मग उरतो राहण्याजेवण्याचा खर्च. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. कन्नड मुलखात त्यालाच 'वारान्न' म्हणत. आता वसतिगृह, खानावळ आणि सुट्टीतील प्रवास यांचा खर्च पहिल्या वर्षाचा नव्हे, तर अभ्यासक्रमाच्या सर्व वर्षांचा मिळून मांडावा लागतो, आणि तोही अर्ज भरण्यापूर्वी.