भूल देण्यापूर्वी जनावराच्या हृदयाची परीक्षा

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना बैलाच्या शिंगाचा कर्करोग अपरिचित नाही. बैल वारंवार डोके झटकतो, शिंग एका बाजूस कलते, नाकपुडीतून रक्त येते. शेवटी शिंग मुळापासून काढून टाकणे एवढाच उपाय उरतो. त्यासाठी बैल आडवा पाडून त्यास गुंगीचे औषध देण्यात येते. जखम केव्हा भरेल आणि बैल जुवाखाली केव्हा येईल, हे शेतकरी आवर्जून विचारतो. ज्याची सारी शेती एका जोडीवर उभी आहे, त्याने ते विचारणे स्वाभाविकच होय. परंतु या बैलाचे हृदय गुंगी सोसण्याइतके धड आहे काय, हा प्रश्न त्याहून आधीचा आहे.

गुरांत वापरण्यात येणारे झायलाझीन हे औषध हृदयाची गती मंद करते. घोड्यास लागणाऱ्या मात्रेच्या सुमारे दहावा हिस्सा गुरास पुरतो, इतकी ही जात या औषधास नाजूक असते. त्यातच जनावर आडवे झाले म्हणजे भरल्या पोटाचा भार फुप्फुसांवर व मोठ्या शिरांवर पडतो. निरोगी हृदय हे सोसते. दुखावलेले हृदय तेथेच थांबण्याचा संभव असतो.

गुरांचे हृदय दुखावण्याचे एक कारण कोठ्यातच सापडते. गुरे चारा नीट न चावता गिळतात. कुटारात किंवा ढेपेत मिसळलेला तारेचा तुकडा वा खिळा त्यांस ओळखू येत नाही. तो जाळीदार पोटात जाऊन बसतो. हे पोट आणि हृदय यांच्यामध्ये एक पडदा व थोडेसे अंतर एवढाच आडोसा असतो. पोट आकुंचन पावले, अथवा गाभण म्हशीच्या गर्भाचा दाब पुढे आला, की तार पडदा भेदून हृदयाभोवतीच्या पिशवीत शिरते व तेथे पू साचतो. असे जनावर कोपरे बाहेर काढून उभे राहते, उतारावरून चालण्यास कचरते, उठता-बसता कण्हते. पुढे मानेची शीर दोरासारखी फुगते. जबड्याखाली व गळ्याच्या पोळीत सूज उतरते आणि ती बोटाने दाबल्यास खळगा राहतो. ही सूज घटसर्पाची समजून घरगुती उपाय करण्यात दिवस घालविणे घातक होय. पशुवैद्याने नळी लावली असता ठोके दुरून आल्यासारखे, किंवा घागरीत पाणी हिंदकळावे तसे ऐकू येतात.

ही परीक्षा खर्चाची नाही. डाव्या कोपराच्या आतील बाजूस नळी लावून पूर्ण मिनिटभर ठोके मोजावयाचे असतात. मोठ्या गुरात ते मिनिटास ४८ ते ८४ आणि शेळीत ७० ते ९० असतात. उन्हातून चालवीत आणलेल्या जनावराचे ठोके वाढलेलेच आढळणार. म्हणून त्यास प्रथम सावलीत विसावा द्यावा. डोळ्याच्या पापणीचा आतील भाग पांढुरका असल्यास गोचीड तापाने रक्त उतरले आहे काय, हे पाहावे लागते.

हृदयाविषयी शंका आली, तर पशुवैद्य शस्त्रक्रिया पुढे ढकलतो, किंवा जनावर खोड्यात उभे ठेवून तेवढाच भाग बधिर करतो. पेरणी तोंडावर असताना “आज नको” हे उत्तर शेतकऱ्यास कडू वाटते. तरी अशा वेळी पशुवैद्यावर घाईचा दाब आणू नये.

घरच्या व राखणीच्या कुत्र्यांसही हेच लागू आहे. म्हाताऱ्या, लहान चणीच्या कुत्र्यांत हृदयाची झडप गळू लागते. रात्री खोकणारे, थोड्या श्रमाने दमणारे, किंवा झोपेत मिनिटास ३० हून अधिक श्वास घेणारे कुत्रे नसबंदीसाठी वा गाठ काढण्यासाठी नेताना ही लक्षणे आधीच सांगावीत. अशा कुत्र्याच्या हृदयाचा आलेख वा सोनोग्राफी करून घेणे इष्ट. अकोल्यास स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था असल्याने पशुवैद्यांस अवघड रोग्याविषयी तेथील तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो.

जनावर दवाखान्यात नेण्यापूर्वी गावच्या कार्यकर्त्याने चार गोष्टी विचारून कागदावर टिपून द्याव्यात : वय किती, गाभण आहे काय व कितवा महिना, मागील महिन्यात कोणती औषधे झाली, आणि चारा खाणे केव्हापासून कमी झाले. शस्त्रक्रिया ठरलेली असल्यास मोठ्या जनावराचा चारा किती तास आधी बंद करावा, हे पशुवैद्यास विचारूनच ठरवावे. लहान वासरास मात्र तितका वेळ उपाशी ठेवू नये.