गोव्याचे फ्रँको आणि रहीमसाहेबांचे सुवर्णपदक

धाराशिव जिल्हा खो-खोचा. इथे फुटबॉलचा विषय निघाला की गाडी थेट मेस्सी-रोनाल्डोवर जाते. पण भारतीय फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या दिवसाशी आपल्या भागाचा एक जुना धागा जुळतो. १९४८ पर्यंत उस्मानाबाद ज्या निजामी संस्थानात होते, त्याच्या राजधानीतले एक शाळामास्तर, सय्यद अब्दुल रहीम, त्या दिवशी भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. आणि त्यांच्या संघात हाफबॅकच्या जागी खेळत होता मुंबईत वाढलेला एक गोवेकर, फॉर्च्युनाटो फ्रँको.

फ्रँको बारदेशातल्या कोलवाळ गावचे. लहानपणीच कुटुंबाबरोबर मुंबईला आले आणि तिथल्या मैदानांवर घडले. त्या काळी मुंबईत फुटबॉल म्हणजे कूपरेज आणि कूपरेजवर रोव्हर्स चषक. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो चषक रहीमसाहेबांच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला होता.

तेव्हा आजच्यासारखे करार आणि लिलाव नव्हते. चांगला खेळाडू दिसला की रेल्वे किंवा एखादी मोठी कंपनी त्याला नोकरी देई. पगार नोकरीचा, घाम मैदानावरचा. फ्रँकोंचे नाव टाटांच्या संघाशी कायमचे जोडले गेले. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात त्यांची निवड झाली, पण प्रत्यक्ष खेळायची संधी मिळाली नाही. गंमत पाहा, त्यांची जन्मभूमी गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये. त्यानंतर नऊ महिनेही उलटले नव्हते, आणि जकार्तात आशियाई स्पर्धेची अंतिम लढत आली.

४ सप्टेंबर १९६२. समोर दक्षिण कोरिया. साखळीत त्यांनीच भारताला २-० असे हरवले होते. पण खरा त्रास मैदानाबाहेरचा होता. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नाही, म्हणून भारताचे क्रीडा प्रशासक सोंधी यांनी उघड नाराजी व्यक्त केली. झाले, सगळे शहर भारतावर उलटले. खेळाडूंना बसमध्ये खाली वाकून बसावे लागे, असे त्यांच्यातलेच सांगत. लाखभर प्रेक्षकांनी राष्ट्रगीताच्या वेळीही हुर्यो उडवली. भारतासाठी ओरडणारे जे मोजके आवाज होते, त्यात एक गट होता पाकिस्तानच्या हॉकी संघाचा. हा किस्सा त्या संघातल्या खेळाडूंनी आयुष्यभर सांगितला, आणि तो पुन्हापुन्हा सांगण्यासारखाच आहे.

गोलरक्षक थंगराज तापातून उठलेला. जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके, तरी रहीमसाहेबांनी या बचावपटूला थेट आघाडीवर धाडले. हा जुगारच होता. पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला आणि दुसरा त्याच जर्नेलने, डोक्याला पट्टी बांधून. शेवटी कोरियाने एक फेडला, पण सामना २-१ ने भारताचा. मधल्या फळीत तोवर धावत होते ते फ्रँको आणि त्यांचे साथीदार. गोल करणाऱ्याचा फोटो छापून येतो. हाफबॅक मात्र पुढेही पळतो, मागेही पळतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत शोधावा लागतो.

रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ ला ते गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्ण भारताला आजतागायत मिळालेले नाही.

फ्रँकोंनी पुढे १९६४ मध्ये महाराष्ट्राबरोबर संतोष करंडक जिंकला. अंतिम सामन्यात हरवले ते आंध्रला, म्हणजे रहीमसाहेबांच्याच मुलखाला. मलेशियातल्या मर्डेका स्पर्धेतही ते भारताकडून खेळले. मग गुडघा गेला. आज अशा गुडघ्यावर शस्त्रक्रिया होते आणि खेळाडू काही महिन्यांत परततो. तेव्हा गुडघा गेला म्हणजे खेळ गेला. तिशीच्या आसपासच त्यांनी बूट खुंटीला टांगले.

पण नोकरी होती, म्हणून संसार सावरला. टाटांकडे त्यांनी पुढची वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर गोव्यात, कोलव्याला जाऊन राहिले. या काळात जकार्तातल्या सोबत्यांना एकेक मान मिळत गेला होता. १९६१ ते १९६७ या काळात अर्जुन पुरस्कार अनुक्रमे पी. के., बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेल, अरुण घोष, हैदराबादचा युसूफ खान आणि थंगराज यांना मिळाला. दरवर्षी एक फुटबॉलपटू, आणि सातही जण त्या सुवर्णसंघातले. फ्रँकोंचे नाव त्या यादीत नाही. पुढेही ते कोणी घातले नाही. सुवर्णपदक गळ्यात असलेल्या माणसाला अर्जुनसाठी अजून काय करून दाखवायचे होते, हा प्रश्न दिल्लीला विचारायला हवा होता.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, १० मे २०२१ ला, गोव्यात त्यांचे निधन झाले. वय ८४. रमजानचा शेवटचा अशरा सुरू होता. मशिदी बंद, तरावीह घरातच, आणि आपल्या जिल्ह्यातही रोज कुणाच्या ना कुणाच्या घरातून फोन येत होता. त्या गर्दीत कोलव्याच्या एका जुन्या हाफबॅकची बातमी कितीजणांच्या डोळ्यांखालून गेली असेल? आदल्या वर्षी, मार्च आणि एप्रिल २०२० मध्ये, पी. के. आणि चुनी गेले होते. तुलसीदास बलराम गेले फेब्रुवारी २०२३ मध्ये.