उलटी फीत आणि पियानो

ध्वनिमुद्रणगृहांत गाइलेलें गाणें आणि श्रोत्यांसमोर गाइलेलें गाणें यांत पूर्वी फारसें अंतर नसे. गायकानें एका दमांत गावें आणि तबकडीनें तें टिपून घ्यावें, इतकाच तो व्यवहार होता. पुढें ध्वनिफीत आली. फीत कापतां येते, जोडतां येते, उलटीही फिरवितां येते. त्यामुळें कोणींही सलग न गाइलेलें गाणें फितीवर निर्माण होऊं लागलें. असें गाणें मैफलींत कसें उभें करावें, हा प्रश्न ‘रेडिओहेड’ या इंग्रज रॉक वाद्यवृंदापुढें आला. त्याचें उत्तर ‘आय माइट बी राँग’ या २००१ च्या नोव्हेंबरांत निघालेल्या ध्वनिमुद्रिकेंत ऐकूं येतें.

ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन येथें एकाच शाळेंत शिकलेले हे पांच जण. १९९७ च्या ‘ओके कम्प्युटर’पर्यंत त्यांची कीर्ति मुख्यतः गिटारवर उभी होती. पुढें ‘किड ए’ (२०००) आणि ‘ॲम्नेसिॲक’ (२००१) या ध्वनिमुद्रिकांत त्यांनीं गिटार बरीचशी बाजूस सारून यंत्रांचे नाद पुढें आणले. पुष्कळ जुन्या चाहत्यांस तें रुचलें नाहीं.

‘लाइक स्पिनिंग प्लेट्स’ या गाण्याची जन्मकथा तर विलक्षणच. दुसऱ्याच एका गाण्याची फीत उलटी फिरविली असतां निघालेली चाल गायक टॉम यॉर्क यास मूळ चालीपेक्षां अधिक आवडली. ती त्यानें आत्मसात केली, शब्द उलट्या उच्चारांनीं गाइले आणि तें गायन पुनः उलटें फिरविलें. परिणामीं शब्द सुलटे कानीं पडतात खरे, पण त्यांचा उच्चार मनुष्याचा वाटत नाहीं. मैफलींत हा खटाटोप कोण करणार? तेथें यॉर्क सरळ पियानोवर बसून गातो. यंत्राचें कवच गळून पडतें आणि आंत एक अत्यंत करुण चाल होती हें प्रथमच ध्यानांत येतें. पियानोवरील हें गाणें मूळ मुद्रणाहून सरस आहे.

मात्र यंत्रें टाकून दिलीं म्हणूनच मैफल रंगली, असें समजणें चुकीचें होईल. ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’ हें गाणें यॉर्क गात असतांनाच जॉनी ग्रीनवुड त्याचा आवाज यंत्रांत पकडतो, त्याचे तुकडे करून परत त्याच्याच गाण्यावर सोडतो. येथें यंत्रही साथीदारासारखें प्रसंग पाहून वाजतें. मैफलींतील ‘द नॅशनल ॲन्थेम’मध्यें तर नभोवाणीचा संच वाद्यांत बसविलेला असतो, त्या गांवीं त्या वेळीं जें ध्वनिक्षेपण चालू असेल, तें त्या गाण्यांत मिसळतें. नभोवाणीच्या श्रोत्यांस ही गंमत विशेष वाटेल.

गाणीं केवळ आठ, वेळ सुमारें चाळीस मिनिटें. शिवाय तीं ऑक्सफर्ड, बर्लिन अशा निरनिराळ्या गांवच्या कार्यक्रमांतून वेंचलेलीं; त्यामुळें एका रात्रीची मैफल हळूहळू चढत जाण्याचा आनंद येथें नाहीं. ही उणीव जाणवतेच. शेवटचें ‘ट्रू लव्ह वेट्स’ यॉर्कनें एकट्यानें साध्या गिटारवर गाइलें आहे. १९९५ पासून तो तें मैफलींत गात असे, परंतु मुद्रणगृहांत तें मनासारखें उतरत नव्हतें. तें उतरण्यास २०१६ साल उजाडावें लागलें, आणि त्या वेळीं गिटार जाऊन तिच्या जागीं पियानो आला होता.