होळकरांचा संघ

अकोल्याहून पुढे अकोट, धूळघाट, खांडवा आणि महू असे थांबे घेत रमतगमत जाणारी मीटरगेजची आगगाडी वाशिमच्या प्रवाशाला थेट इंदुरास नेऊन सोडीत असे. परंतु खांडव्यापर्यंतची ही जोड पुरी व्हावयास १९६०चा सुमार उजाडला, आणि तोवर क्रिकेटच्या रसिकाने तिकीट काढून मुद्दाम पाहावयास जावे असा जो संघ इंदुरात होता, त्याचे नाव रणजी करंडकाच्या यादीतून उतरून गेले होते.

कागदोपत्री आम्हा वाशिमकरांचा संघ निराळाच. १९०५ साली मोडलेला आमचा जिल्हा अकोल्यात विलीन झालेला, वऱ्हाडचा मुलूख नावाने निजामाचा, अंमल इंग्रजांचा आणि कारभार नागपूरचा. अशा त्रिस्थळी अवस्थेत रणजी स्पर्धेमध्ये आमच्या वतीने उतरे तो 'मध्यप्रांत व वऱ्हाड' या लांबलचक नावाचा संघ. त्याने अंतिम सामना कधीच गाठला नाही, आणि १९५० साली प्रांताचे नाव मध्यप्रदेश झाले तेव्हा तोही निमूटपणे त्या नावात विरून गेला. त्याच्याविषयी अभिमानाने सांगावे असे फार थोडे आहे. ज्यांनी त्याचे नाव काढावे अशी माणसे या मुलखाने दिली खरी, पण ती नावारूपास आली परमुलखात.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म नागपूरचा, १८९५ सालचा. भारताचे हे पहिले कसोटी कर्णधार १९२३ साली होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदुरास गेले, तेथे फौजेत कप्तानाचा हुद्दा मिळाला, आणि पुढे 'कर्नल' ही उपाधी त्यांच्या नावाला अशी चिकटली की ती लष्करातली की मैदानावरली, हा भेद करण्याचे कोणास प्रयोजनच उरले नाही. सागर येथे जन्मलेले चंदू सरवटे वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी मध्यप्रांत-वऱ्हाडाकडून प्रथम खेळले, आणि अखेर तेही होळकरांच्याच छत्राखाली स्थिरावले. गुणी माणसाने दाणापाणी असेल तेथे जावे यात गैर काही नाही. पूर्वी गवई आणि पहिलवान असेच जात.

१९४१पर्यंत इंदूरचे खेळाडू 'सेंट्रल इंडिया' या नावाने खेळत. त्या वर्षापासून महाराज यशवंतराव होळकरांच्या संस्थानाचे नाव संघाला मिळाले. मुश्ताक अली, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड, माधवसिंह जगदाळे, कर्नलसाहेबांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू, अशी ही पलटण. मार्च १९४६मध्ये इंदुरास म्हैसूरविरुद्ध तिने आठ बाद ९१२ धावा करून डाव सोडला, आणि त्यात एकाच डावात सहा जणांची शतके झाली. रणजीतील हा उच्चांक हैदराबादने ९४४ धावा करीपर्यंत, म्हणजे १९९३-९४पर्यंत, अबाधित होता. त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात पन्नाशी ओलांडलेल्या कर्नलसाहेबांनी बडोद्याविरुद्ध द्विशतक ठोकले आणि पहिला करंडक इंदुरास आला.

तथापि मला या संघाचे खरे मोठेपण दिसते ते त्याच्या एका पराभवात. आदल्या वर्षी, मार्च १९४५मध्ये, मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर मुंबईशी अंतिम सामना झाला. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या. त्या उभारल्या जात असताना सी. एस. नायडू दोन्ही डावांत मिळून १५२ षटके आणि वर पाच चेंडू, म्हणजे एकंदर ९१७ चेंडू टाकीत राहिले. मनगटाने चेंडू वळवणाऱ्या गोलंदाजाने इतके चेंडू टाकणे म्हणजे जात्याचा खुंटा धरून दिवसचे दिवस दळत बसणे होय. त्यांनी ४२८ धावा देऊन अकरा गडी बाद केले, आणि चेंडूंचा व धावांचा तो दुहेरी विक्रम त्यांच्या नावे लागला. विजयासाठी ८६७ धावा हव्या होत्या. पहिल्या डावात शतक केलेल्या मुश्ताक अलींनी दुसऱ्यातही १३९ केल्या. आणि त्यांच्या जोडीला युद्धामुळे महूच्या छावणीत येऊन पडलेला डेनिस कॉम्प्टन नावाचा इंग्रज होता. शंभरीपुढील प्रत्येक धावेला शंभर रुपये देण्याचे इंदूरच्या एका व्यापाऱ्याने म्हणे त्याला कबूल केले होते. कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला. परतून पाहतो तो शेटजी तातडीच्या कामासाठी परगावी गेल्याची चिठ्ठी! होळकरांचा डाव ४९२ धावांत आटोपला. ३७४ धावांनी झालेला हा पराभव आकड्यांनी दारुणच. पण अशा लक्ष्यासमोर कोणी इतका वेळ चिवटपणे उभे राहते, यासारखे मला दुसरे काही भावत नाही.

राजाश्रय सुटला की कला कोमेजते, असे आपण सर्रास म्हणतो. येथे मात्र हिशेब जुळत नाही. १९४८च्या मे महिन्यात होळकरांचे संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि दरबार संपला. तरी चार विजेतेपदांपैकी १९५०-५१ आणि १९५२-५३ ही दोन या संघाने संस्थान गेल्यानंतर मिळवली. १९४४-४५पासून १९५४-५५पर्यंतच्या अकरा हंगामांत दहा वेळा अंतिम सामना गाठणारा हा संघ केवळ खजिन्यावर पोसलेला असता, तर खजिन्याबरोबरच बसला असता. तो चालला तो एका शिस्तप्रिय, प्रसंगी कठोर अशा वडीलधाऱ्या माणसाच्या, म्हणजे कर्नलसाहेबांच्या, वचकावर. आणि या संघाचा शेवटचा अंतिम सामना, जो मद्रासने इंदुरातच ४६ धावांनी जिंकला, झाल्यावर पुढच्या हंगामी इंदूरकर खेळले ते मध्यभारत या नव्या नावाने.

वऱ्हाडाचे म्हणाल तर १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, १९५७-५८पासून विदर्भ स्वतंत्र संघ म्हणून रणजीत उतरला, आणि साठ वर्षे वाट पाहून १ जानेवारी २०१८ रोजी त्याने दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव करून आपला पहिला करंडक उचलला. तो सामना झाला इंदुरात, होळकरांच्या नावाच्या मैदानावर.