उपग्रहांची साक्ष आणि रॅफल्स प्लेसचे आकाश

सिंगापूरच्या रॅफल्स प्लेस या चौकाभोवतीचे वन रॅफल्स प्लेस, यूओबी प्लाझा वन आणि रिपब्लिक प्लाझा हे तीन मनोरे जवळजवळ सारख्याच, म्हणजे सुमारे २८० मीटर उंचीचे आहेत; हा वास्तुरचनाकारांच्या आवडीचा योगायोग नसून विमानवाहतुकीच्या सुरक्षेसाठी घातलेल्या उंचीच्या मर्यादेचा परिणाम आहे. अशा मनोऱ्यापासून १०० मीटरांवर असलेल्या वाहनाला त्या दिशेचे क्षितिजापासून सुमारे ७० अंशांपर्यंतचे आकाश दिसत नाही, आणि मनोऱ्यांची दाटी चहूबाजूंनी असल्यामुळे डोक्यावर आकाशाची एक अरुंद पट्टी तेवढी उरते. अपघाताच्या वेळी वाहन कोठे होते, किती वेगाने धावत होते आणि कोणत्या क्षणी थांबले, हे जीपीएसच्या नोंदींवरून सिद्ध करू पाहणाऱ्यांनी या पुराव्याचे बळ आणि दुबळेपण समजून घ्यायचे, तर त्यासाठी याहून योग्य जागा सापडणे कठीण आहे.

हा प्रश्न सिंगापुरात केवळ तात्त्विक राहिलेला नाही. शहराच्या मध्यवर्ती भागात शिरणाऱ्या वाहनांकडून १९७५ पासून शुल्क घेतले जाते. १९९८ मध्ये ती वसुली रस्त्यावरच्या कमानींमधून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होऊ लागली आणि नोव्हेंबर २०२३ पासून वाहनांमध्ये उपग्रहांच्या संकेतांवर चालणारी नवी यंत्रे बसवण्यास सुरुवात झाली. एका प्रयोजनासाठी गोळा केलेली नोंद दुसऱ्या प्रयोजनासाठी मागितली जाते, हा अनुभवही त्या देशाला आहे: करोनाकाळातील संपर्कशोधाच्या ‘ट्रेसटुगेदर’ व्यवस्थेतील माहिती फौजदारी तपासासाठी पोलिसांना मिळू शकते, हे जानेवारी २०२१ मध्ये उघड झाल्यावर वाद उठला आणि पुढच्याच महिन्यात कायदा करून तो वापर गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करावा लागला. टॅक्सी, मालवाहू ट्रक, घरपोच सेवेच्या दुचाकी आणि प्रत्येकाच्या खिशातला फोन यांच्याकडे तर अशा नोंदींचा साठा आधीपासूनच असतो.

जीपीएसचा रिसीव्हर, म्हणजे संकेत ग्रहण करणारे यंत्र, जागा ‘पाहत’ नाही. तो वेळ मोजतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारा प्रत्येक उपग्रह आपल्या अणुघड्याळाची वेळ आणि आपले स्थान सतत प्रसारित करत असतो, आणि तो संकेत पृथ्वीवर पोहोचायला साधारण सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. हा विलंब प्रकाशाच्या वेगाने गुणला की उपग्रहापासूनचे अंतर मिळते. अक्षांश, रेखांश व उंची ही तीन अज्ञाते आणि रिसीव्हरच्या स्वस्त घड्याळातील चूक हे चौथे, अशी चार अज्ञाते सोडवायची असल्याने किमान चार उपग्रह लागतात. प्रकाश सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जातो, त्यामुळे वेळेच्या मोजमापातील अगदी सूक्ष्म चूकही रस्त्यावर मोठी होऊन उतरते. उपग्रहांवरची घड्याळे सापेक्षतेच्या परिणामामुळे दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि तेवढी दुरुस्ती त्यांच्यात मुळातच केलेली असते. या बाजूची शिस्त इतकी कडक आहे की पुराव्यातील दोष आकाशात शोधण्याचे कारण क्वचितच पडते. दोष शिरतो तो शेवटच्या काही शे मीटरांत.

मोकळ्या आकाशाखाली साधा फोन आपले स्थान साधारण ५ मीटरांच्या आत सांगतो. रॅफल्स प्लेसच्या परिसरात मात्र दोन गोष्टी घडतात. काही संकेत थेट येतात आणि काचेवरून वा दगडी भिंतीवरून परावर्तित झालेल्या त्यांच्याच प्रती किंचित उशिरा पोहोचून मोजमाप बिघडवतात. याला बहुपथ परिणाम म्हणतात. त्याहून वाईट म्हणजे थेट संकेत मनोऱ्याने पूर्ण अडवलेला असतो आणि केवळ परावर्तित संकेतच हाती लागतो. तो ६० मीटरांचा वळसा घेऊन आला असेल, तर तो उपग्रह प्रत्यक्षापेक्षा ६० मीटर दूर आहे असे गृहीत धरून गणित मांडले जाते, आणि उत्तर आत्मविश्वासाने चुकते. रॉबिन्सन रोड आणि सेसिल स्ट्रीट हे येथील रस्ते एकमेकांना समांतर आणि इतके जवळ आहेत की काही दहा मीटरांच्या चुकीने वाहन एका रस्त्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवले जाऊ शकते. एवढ्यावर न थांबता नकाशा दाखवणारी प्रणाली भरकटलेला बिंदू जवळच्या रस्त्याच्या मध्यरेषेवर नेऊन बसवते. पडद्यावरची रेषा त्यामुळे सुबक दिसते. पण पुराव्याच्या दृष्टीने ही सुबकता घातक आहे, कारण वाहन कोणत्या मार्गिकेत होते किंवा पदपथावर चढले होते का, हा वादाचा मुद्दाच त्या दुरुस्तीत पुसला जातो.

आकड्यांचे रूपही असेच फसवे असते. अक्षांश दशांश चिन्हानंतर सहा स्थळांपर्यंत छापला, तर शेवटच्या स्थळाचे मूल्य जमिनीवर सुमारे ११ सेंटिमीटर भरते, आणि तक्ता पाहणाऱ्याचा समज असा होतो की मोजमापही तितकेच काटेकोर आहे. अँड्रॉइड फोन प्रत्येक स्थानासोबत अचूकतेची जी त्रिज्या नोंदवतो, तिचा अर्थ खरे स्थान त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के आहे इतकाच असतो. म्हणजे साधारण तीनपैकी एका वेळी वाहन त्या वर्तुळाबाहेर असणे हे यंत्राच्या स्वतःच्या कबुलीत बसते. न्यायालयात हे वर्तुळ बहुधा कोणाच्या बोलण्यात येत नाही, येतो तो त्याच्या मध्यभागी ठेवलेला बिंदू.

अपघाताच्या दाव्यात स्थानापेक्षा वेगाचे महत्त्व बहुधा अधिक असते, आणि वेग काढण्याच्या दोन पद्धतींत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिली पद्धत लागोपाठच्या दोन स्थानांमधले अंतर वेळेने भागण्याची. सिग्नलला थांबलेल्या टॅक्सीचे स्थान परावर्तनामुळे एका सेकंदात १४ मीटर सरकले, तर या पद्धतीने तिचा वेग ताशी ५० किलोमीटर निघतो, आणि सिंगापुरात वेगळी पाटी नसलेल्या रस्त्यावरची वेगमर्यादाही नेमकी तेवढीच आहे. दुसरी पद्धत डॉप्लर परिणामावर आधारलेली असते: रिसीव्हर आणि उपग्रह यांच्यातील सापेक्ष गतीमुळे संकेताची वारंवारता बदलते, आणि जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असल्याने गतीत सेकंदाला एक मीटर फरक पडला की वारंवारता सुमारे ५ हर्ट्झने सरकते. मोकळ्या रस्त्यावर ही पद्धत ताशी एक किलोमीटरच्या आतबाहेर अचूक असते आणि वाहनाच्या वेगदर्शक काट्यापेक्षाही भरवशाची ठरते. अहवालातील वेगाचा रकाना या दोहोंपैकी कोणत्या पद्धतीने भरला गेला, हे विचारल्याशिवाय त्या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

नोंदी किती वेळाने घेतल्या जातात, हा प्रश्नही तितकाच निर्णायक आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कोरड्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लावल्यास साडेतीन सेकंदांच्या आत थांबते. ताफ्याच्या मालकाने बसवलेले यंत्र दर ३० सेकंदांनी नोंद करत असेल, तर चालकाला धोका दिसणे, ब्रेक लागणे, धडक आणि स्तब्धता हे सारे नाट्य दोन बिंदूंच्या मधल्या रिकाम्या जागेत घडून जाते. शिवाय बहुतेक रिसीव्हर कच्चे मोजमाप जसेच्या तसे न देता आधीच्या गतीवरून बांधलेला अंदाज आणि ताजे मोजमाप यांची सांगड घालतात. ही गाळणी प्रवासात उपयोगी असते, पण अचानक थांबलेल्या वाहनाला ती क्षणभर पुढेच नेत राहते. रॅफल्स प्लेसपासून जवळच असलेल्या मरिना कोस्टल एक्सप्रेसवेच्या बोगद्यात तर उपग्रह मुळीच दिसत नसतानाही काही यंत्रांची रेषा अंदाजाच्या आधारे सुरळीत चालू राहते.

महाराष्ट्रातील वाचकांना परिचित असलेला ४ सप्टेंबर २०२२ चा अपघात येथे विचारात घेण्यासारखा आहे. पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मुंबईकडे येणारी मर्सिडीज दुभाजकाच्या कठड्यावर आदळली आणि उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह दोघांचा मृत्यू झाला. चारोटीच्या तपासणी नाक्याजवळच्या कॅमेऱ्यात गाडी दुपारी २ वाजून २१ मिनिटांनी दिसली आणि पुढचे २० किलोमीटर तिने ९ मिनिटांत कापले, असे पोलिसांच्या हवाल्याने प्रथम सांगितले गेले. त्यावरून सरासरी वेग ताशी १३३ किलोमीटर येतो. पुढे गाडीतील नोंदयंत्राच्या तपासणीनंतर अपघातापूर्वी वेग १०० आणि अपघाताच्या वेळी ८९ असल्याचे आकडे आले, आणि धडकेच्या ५ सेकंद आधी ब्रेक दाबल्याची नोंद कंपनीच्या प्राथमिक अहवालात होती. हे आकडे परस्परविरोधी आहेतच असे नाही, कारण एक वीस किलोमीटरांची सरासरी आहे आणि दुसरे शेवटच्या क्षणांचे मोजमाप. पण पहिला आकडा दोन वेगळ्या घड्याळांवर उभा आहे: कॅमेऱ्याचे घड्याळ आणि अपघाताची सांगितली गेलेली वेळ यांत मिळून दोन मिनिटांची तफावत असेल, तर तोच वेग १०९ होतो किंवा १७१. गाडीतले नोंदयंत्र वेग मुख्यतः चाकांच्या फिरण्यावरून घेते, त्यामुळे चाके जाम होऊन गाडी घसरली तर ते वेग कमी दाखवते. उपग्रहाधारित वेगाला चाकांशी देणेघेणे नसते. दोन्ही नोंदी उपलब्ध असतील, तर त्या एकमेकींना तपासतात, आणि जाणकार तपासनीस अशी जोडी मिळवण्याची धडपड करतो.

घड्याळांचा घोळ जीपीएसच्या आतही आहे. जीपीएसची स्वतःची वेळ लीप सेकंद जमेस धरत नाही, म्हणून २०१७ च्या आरंभापासून ती जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. चांगला रिसीव्हर हा फरक वजा करतो, सदोष किंवा नुकताच सुरू झालेला करीलच असे नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने १८ सेकंदांत वाहन २५० मीटर जाते. त्यात जागतिक वेळेपासून सिंगापूर ८ तास आणि भारत साडेपाच तास पुढे असल्याने, कोणत्या वेळेतली नोंद आहे हे न लिहिलेला तक्ता मध्यरात्रीच्या आसपास तारीखही बदलून टाकतो.

कायद्याने या पुराव्याकडे पाहण्याचे दोन ढंग या दोन देशांत दिसतात. सिंगापूरच्या पुरावा कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ११६अ नुसार, नीट वापरल्यास सामान्यतः अचूक नोंद करणाऱ्या प्रकारचे यंत्र असेल, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत त्याने अचूक नोंद केली असे गृहीत धरले जाते. भारतात मात्र इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. आधी हे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. मूळ यंत्रच न्यायालयात न आणल्यास हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात ठरवले. योगायोग असा की जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेला तो वादही वेळेचाच होता: उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले की नाही, हे निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणावरून ठरवायचे होते.

नव्या प्रमाणपत्रात नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधील एक अक्षर बदलले तरी पूर्ण बदलणारी गणिती खूण, द्यावी लागते. पण ही खूण फाइलमध्ये नंतर फेरफार झाला नाही एवढेच सांगते. वाहन खरोखर त्या जागी होते, हे ती सांगू शकत नाही. चुकीचे मोजमाप निष्कलंक स्थितीत जतन होऊ शकते, आणि सिंगापूरच्या गृहीतकातील ‘सामान्यतः’ हा शब्द रॅफल्स प्लेसच्या दरीत लागू पडतो का, हा पक्षकाराने उपस्थित करायचा मुद्दा उरतोच. शक्यतेच्या तराजूवर चालणाऱ्या मोटार अपघात दाव्यात ताशी आठ-दहा किलोमीटरची अनिश्चितता खपून जाईल. वाजवी संशयापलीकडे सिद्धता मागणाऱ्या फौजदारी खटल्यात तीच अनिश्चितता आरोपीला सोडवू शकेल.

सुदैवाने उपग्रहांच्या कक्षांच्या नोंदी जगभर जतन केल्या जात असल्याने, विशिष्ट दिवशी विशिष्ट क्षणी रॅफल्स प्लेसवर कोणते उपग्रह कोठे होते, हे वर्षांनंतरही काढता येते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील पॉल ग्रोव्ह्ज यांनी विकसित केलेल्या छाया-जुळणी या पद्धतीत इमारतींच्या त्रिमितीय नकाशावरून, रस्त्याच्या कोणत्या बाजूला कोणता उपग्रह दिसायला हवा आणि कोणता झाकलेला असायला हवा हे ठरवतात आणि प्रत्यक्ष संकेतांच्या जोराशी ते ताडून पाहतात. येथे न मिळालेला संकेतही साक्ष देतो. त्यासाठी संकेतांचे कच्चे मोजमाप साठवलेले असावे लागते, आणि बहुतेक यंत्रे अक्षांश-रेखांश लिहून झाले की ते टाकून देतात. भारतात सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी असलेल्या एआयएस-१४० या मानकाने निदान काही खुणा राखल्या आहेत: वाहनातून जाणाऱ्या स्थानाच्या संदेशात उपग्रहांची संख्या, त्यांच्या मांडणीमुळे चूक किती पटींनी वाढते याचा गुणांक, इंजिन चालू की बंद, आणि तो संदेश त्याच क्षणी गेला की नेटवर्क नसल्याने साठवून नंतर पाठवला गेला, हे सांगणारे एक अक्षर असते. दाव्याच्या कागदपत्रांत रंगीत नकाशाऐवजी हे रकाने मागवले गेले, तर उलटतपासणीतील निम्मे प्रश्न तेथेच सापडतात.