पुन्हा पुन्हा लढता येणाऱ्या लढाईचे बक्षीस

चंद्रपुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकणारा एक विद्यार्थी काही दिवसांपूर्वी एक प्रश्न घेऊन माझ्याकडे आला. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मोबाइलवर अनेकांना एकाच वेळी खेळता येईल असा एक ऑनलाइन खेळ रचावयास घेतला आहे. खेळ आहे चांद्याच्या गोंडकालीन किल्ल्याचा. जटपुरा दरवाजावर शत्रुसैन्य चाल करून येते आणि खेळाडूने ते परतवून लावावयाचे असते. लढाई जिंकली की मोहरा मिळतात, मोहरांवर नवी शस्त्रे मिळतात. येथवर सर्व ठीक होते. परंतु ही लढाई एकदा जिंकून संपत नाही. खेळाडूला ती पाच मिनिटांनी पुन्हा लढता येते, रात्रभरही लढता येते. तेव्हा पहिल्या विजयाला शंभर मोहरा दिल्या, तर दहाव्या विजयाला किती द्यावयाच्या, आणि शंभराव्या विजयाला किती, हा त्याचा प्रश्न होता.

प्रथमदर्शनी हा प्रश्न पोरकट वाटेल, मलाही तो तसाच वाटला होता. पण विचार करू लागलो तेव्हा तो मोठा बिकट असल्याचे ध्यानात आले. प्रत्येक विजयाला सारखेच बक्षीस ठेवले, तर खेळाडू सर्वांत सोपी लढाई शोधून काढतो आणि गाईने रवंथ करावा तशी तीच ती लढत बसतो. त्यात पराक्रमही उरत नाही आणि आनंदही. दुसऱ्या विजयाला काहीच ठेवले नाही, तर दुसऱ्या दिवशी दरवाजावर कोणी फिरकत नाही. आणि खेळ अनेकांनी मिळून खेळावयाचा असल्यामुळे, जो आज प्रथमच आला आहे त्याला सोबतीला कोणी भेटत नाही. ज्या शिक्षकाने वर्गात रोज एकाच पाढ्याला शाबासकी देऊन पाहिली असेल, त्याला ही अडचण निराळी समजावून सांगावयास नको.

वस्तुतः पुन्हा पुन्हा होणाऱ्या झुंजीचे बक्षीस कसे असावे, याचा अनुभव आपल्या झाडीपट्टीला नवा नाही. धानाची कापणी-मळणी आटोपली, बांध्या रिकाम्या झाल्या की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात शंकरपट भरू लागतात. दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात, धुरकरी छकड्यावर उभा असतो आणि सारा खेळ काही सेकंदांत आटोपतो. हीच जोडी पुढल्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या पटात उतरते, आणि त्याच्या पुढल्या आठवड्यात तिसऱ्या. लढाई तीच आणि प्रतिस्पर्धीही बरेचसे तेच. मग मालक खर्चाने वाकत असतानाही पुन्हा का येतो? केवळ रोख बक्षिसासाठी येतो असे म्हणावे, तर हिशेब जुळत नाही. जोडीचा वर्षभराचा खुराक, माणसे, वाहतूक यांचा खर्च मांडला तर बहुतेकांच्या हाती तोटाच लागत असणार. त्याचे खरे बक्षीस निराळ्याच ठिकाणी असते. जिंकलेल्या जोडीची किंमत वाढते, मालकाचे नाव पंचक्रोशीत घेतले जाते. पटासाठी आलेल्या पाहुण्यांसाठी रात्री नाटक असते, नाटकाला लेकीबाळी येतात, सोयरिकींच्या गोष्टी निघतात. वडशाच्या नाटक मंडळ्यांना जो हंगाम लाभला, त्याच्या मागे हीच पटाची गर्दी आहे. ज्याची जोडी हरली, तोही रिकाम्या हाताने परत जात नाही. त्याला नाटक मिळते, सोयरे भेटतात आणि पुढल्या पटाची खुमखुमीही असते.

या व्यवस्थेतील एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. शंकरपटाला हंगाम असतो. शेतीची कामे सुरू झाली की पट बंद. बैलाला नांगराला जुंपावयाचे असते, म्हणून कोणी ठरविले नसतानाही बक्षिसांच्या मागे धावण्याला एक शेवट येतो. बैल थकतो हीसुद्धा एक मर्यादाच. मोबाइलच्या पडद्यावरील सैनिक थकत नाही, आणि थकतो तो खेळणारा मुलगा; परंतु त्याच्या थकव्याची नोंद खेळात कोठेच नसते.

पटाचे गोडवे गात असताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. बक्षीस फक्त वेगाला असले की वेग ज्या मार्गाने मिळेल तो मार्ग माणूस धरतो. चाबूक, टोचणी, शेपटी पिरगाळणे हे प्रकार त्यातूनच आले आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली ती त्यामुळेच. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. आज जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून पट भरविता येत नाही, बैलांची तपासणी करावी लागते, आणि त्यांना क्लेश दिल्यास शिक्षा आहे. सांगावयाचा मुद्दा इतकाच की बक्षिसाची रक्कम कोणी बदलली नाही. बदलले ते, कोणत्या मार्गाने मिळविलेला विजय विजय म्हणून मोजावयाचा याचे नियम.

याच अरण्यप्रदेशात कोंबडबाजारही भरतो. कोंबड्याच्या पायाला धारदार पाते बांधून झुंज लावतात आणि अनेक ठिकाणी हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या पदरात पडतो. प्राण्यांच्या अशा झुंजी लावणे १९६० च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, तरी आडरानात त्या होतच असतात. तेथे नाटक नाही, सोयरीक नाही. आहे ती पैज. हरलेला मनुष्य घरी न जाता, गेलेले परत मिळविण्यासाठी पुढल्या झुंजीवर पैसे लावतो. पट आणि कोंबडबाजार या दोन्हींत झुंज पुन्हा पुन्हाच होते. एकात माणूस पुढल्या हंगामाची वाट पाहतो आणि दुसऱ्यात पुढल्या पाच मिनिटांची, एवढा फरक केवळ बक्षिसाच्या मांडणीने घडवून आणला आहे.

आजच्या बऱ्याच ऑनलाइन खेळांनी यांपैकी दुसरा मार्ग धरला, आणि तो अजाणतेपणी धरला असे म्हणता येणार नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर आणि त्याचा सहकारी फर्स्टर यांनी १९५७ मध्ये बक्षिसांच्या वेळापत्रकांवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कबुतराने कळ टोचली की प्रत्येक वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद होताच त्याचे टोचणेही लवकरच थांबते. पण दाणा कधी तिसऱ्या टोचणीला, कधी विसाव्या टोचणीला, असा अनिश्चितपणे पडत असेल, तर ते दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ टोचत राहते. लढाई जिंकल्यावर उघडणारी पेटी, आणि त्या पेटीत क्वचितच सापडणारी सोन्याची तलवार, ही त्याच दाण्याची नातवंडे होत. ही पेटी पैसे देऊन उघडता येऊ लागली तेव्हा काही देशांना जाग आली. आत काय निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करण्याचे बंधन चीनने २०१७ मध्ये घातले, तर बेल्जियमने २०१८ मध्ये अशा विकत घ्यावयाच्या पेट्यांना जुगारच ठरविले.

गडचिरोलीतील तेंदूपानाच्या हंगामाशी हे ताडून पाहावे. मे महिन्याच्या उन्हात पाने तोडणारी बाई दिवसभर एकच क्रिया करीत असते. पाने खुडावयाची, सत्तर पानांचा पुडका बांधावयाचा आणि पुन्हा दुसरा पुडका. खेळापेक्षा कितीतरी कंटाळवाणे असे हे काम आहे. पण शंभर पुडक्यांना काय भाव, हे तिला विचारता येते, आणि तो कमी वाटला तर ग्रामसभेत त्यावर भांडताही येते. पडद्यावर शंभर लढाया लढणाऱ्या तिच्या मुलाला मात्र आपल्या श्रमाचा भाव ठाऊक नसतो. श्रम हा शब्द मी जाणूनबुजून योजला आहे.

विद्यार्थ्याला मी प्रथम सुचविले की दिवसाला तीन विजयांना पूर्ण बक्षीस दे आणि त्यानंतर काही देऊ नकोस. त्यावर त्याने जो आक्षेप घेतला तो मला निरुत्तर करणारा होता. तो म्हणाला, "सर, भामरागडच्या मुलाजवळ पैसा नाही, वेळ आहे. नागपूरचा मुलगा शस्त्र विकत घेईल. हा शंभर वेळा लढून तेच मिळवील. तुम्ही त्याचे लढणे थांबविले, तर त्याच्याजवळ राहिले काय?" पुनरावृत्तीचे बक्षीस हे गरिबाचे भांडवल असू शकते, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. याचे उत्तर त्याला बेड्या घालण्यात नसून शस्त्रांची विक्रीच बंद ठेवण्यात आहे, असे मला वाटते. 'डायब्लो ३' या खेळाचा दाखला येथे उपयोगी पडतो. २०१२ मध्ये आलेल्या या खेळात आयुधांचा लिलाव-बाजार होता आणि खऱ्या पैशानेही ती विकत मिळत. लढून मिळवावयाची वस्तू बाजारात स्वस्त मिळू लागली, तेव्हा लढण्यातच अर्थ उरला नाही. शेवटी कंपनीने मार्च २०१४ मध्ये आपणच तो बाजार बंद केला.

थकव्याचा हिशेब खेळात घेता येतो, याचेही उदाहरण आहे. २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाच्या चाचणीत, फार वेळ खेळणाऱ्याला मिळणारे अनुभव-गुण निम्मे करून पाहिले होते. खेळाडू संतापले; आम्हांला दंड कशासाठी, असे विचारू लागले. रचनाकारांनी मग गुणांची मापे अशी बदलली की पूर्वीचे निम्मे तेच आता नेहमीचे झाले, आणि विश्रांती घेऊन आलेल्याला काही काळ त्याच्या दुप्पट गुण मिळू लागले. आकडेमोड जवळजवळ तीच राहिली, पण दंडाचा पुरस्कार झाला आणि तक्रारी थांबल्या. आपल्या कचेऱ्यांत रजा न घेणाऱ्याचे कौतुक होते. विश्रांती घेऊन ताजेतवाने परतणाऱ्याचे कौतुक झालेले मी तरी पाहिलेले नाही, असो.

दुसरे उदाहरण बुद्धिबळाचे. आर्पाड एलो यांनी सिद्ध केलेली आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारलेली मानांकनपद्धती ही पुन्हा पुन्हा लढता येणाऱ्या लढाईसाठी रचलेली, माझ्या माहितीतील सर्वांत शहाणी बक्षीसव्यवस्था आहे. बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याला हरविल्यावर जेथे १० गुण मिळतात, तेथे चारशे गुणांनी दुबळ्या असलेल्याला हरविल्यावर पुरते २ देखील मिळत नाहीत, आणि त्याच्याकडून हरलात तर १८ हून अधिक जातात. दुबळ्यांना शंभरदा लोळवून कोणी मोठा होत नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी बातुमी येथे कोनेरू हंपीवर मात करून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ती कमी मानांकनाची होती. मोठा लाभ अशाच विजयाला व्हावा, ही या गणिताची मांडणी आहे. यात कोठेही कोणाला किती डाव खेळ म्हणून अडविलेले नाही.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळावयाच्या खेळांना त्याने मनाई केली आणि ई-क्रीडा व करमणुकीचे खेळ त्यांतून वेगळे काढले. कोंबडबाजाराच्या या नव्या अवताराला आळा बसावा, हे योग्यच झाले. पण विद्यार्थ्याच्या खेळात पैसा नाहीच. तेथे पणाला लागते ती संध्याकाळ. उद्या परीक्षा असलेल्या मुलाची एक संध्याकाळ मोहरांच्या आशेने जाते, तिचा हिशेब कोणत्या कलमात बसवावयाचा? तो कायद्याने करावा, असे मला वाटत नाही. तो बक्षीस ठरविणाऱ्यानेच करावयास हवा, आणि या ठिकाणी तो बक्षीस ठरविणारा बावीस वर्षांचा तरुण आहे.

आम्ही दोघांनी मिळून कागदावर एक आराखडा मांडला. दरवाजावरील शत्रू खेळाडूच्या कौशल्यानुसार बळकट व्हावा. सोप्या शत्रूवर दुसऱ्यांदा मिळविलेल्या विजयाला थोड्याच मोहरा असाव्यात, पण किती ते लढाईपूर्वीच पडद्यावर दिसावे. नवख्याला सोबत घेऊन जिंकणाऱ्याला अधिक मोहरा मिळाव्यात. पटाला आलेल्या पाहुण्याची सोय यजमान गाव पाहते, त्यावरून ही कल्पना सुचली. एक दिवस न खेळता आलेल्याला दुसऱ्या दिवशी काही वाढीव द्यावे. पेटी नको, विक्रीही नको.

हंगामापाशी मात्र आमचे जमले नाही. वर्षातून दोन महिने, विशेषतः परीक्षांच्या काळात, दरवाजा बंदच ठेवावा असा माझा आग्रह होता. त्याच्या एका मित्राचे म्हणणे असे की बंद दाराशी आलेला खेळाडू दुसऱ्या कोणाच्या दाराशी जाईल आणि परत येणार नाही. हे भय खोटे आहे असे मला म्हणता आले नाही. झाडीपट्टीत शेती सर्वांनाच एका वेळी बोलावते म्हणून सारे पट एकदमच थांबतात. येथे तसे बोलावणारे कोणी नाही. तो आराखड्याचा कागद घेऊन गेला आहे, आणि त्यावरील 'हंगाम' या शब्दापुढची जागा त्याने अजून कोरीच ठेवली आहे.