कॉम्प्युटरची झाडलोट : काय पुसायचं, काय जपायचं

आठवडी बाजारातून आणलेली डाळ आपण डब्यात भरून ठेवतो, रोज बाजार गाठत नाही. कॉम्प्युटरही तेच करतो. उघडलेल्या वेबसाइटची चित्रं, पानं तो साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पान लवकर उघडतं. या साठ्याला ‘कॅश’ म्हणतात. इथं पैशाचा काही संबंध नाही.

कधी कधी मात्र डब्यातला जुनाच माल समोर येतो. 2023 साली उस्मानाबादचं अधिकृत नाव धाराशिव झालं. असा बदल वेबसाइटवर झाला तरी आपल्याला जुनं पान दिसू शकतं. अशा वेळी कंट्रोल आणि एफ-5 ही बटणं एकत्र दाबा, पान नव्यानं येतं. अर्ज अर्धवट भरलेला असेल तर थांबा, नाहीतर लिहिलेलं जाईल.

तरीही जुनंच दिसलं, तर क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट, डिलीट एकत्र दाबा. ‘ऑल टाइम’ निवडा आणि फक्त ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’वर खूण ठेवा. ‘कुकीज’ पुसल्या तर प्रत्येक ठिकाणी पुन्हा लॉगिन करावं लागतं.

भाकरी थापताना परातीभोवती पीठ सांडतं, तशा काम करताना तात्पुरत्या फाइली साचतात. जागा भरली की कॉम्प्युटर रेंगाळतो. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं जा. तिथल्या यादीत ‘डाऊनलोड्स’ही असतं. त्यावरची खूण आधी काढा! गटाचा बँक उतारा, सातबारा तिथंच असतो. तो पुसला गेला तर पुन्हा हेलपाटा.

आता सर्वांत महत्त्वाचं. सेवा केंद्रातल्या किंवा गटाच्या सामाईक कॉम्प्युटरवर आधार उतरवून घेतलं, तर कॅश पुसून ती फाइल जात नाही. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मसाल. गावात हे कुणाला ठाऊक नसतं? म्हणून प्रिंट निघाली की फाइल डिलीट करा, रिसायकल बिन रिकामी करा, लॉग आउट करा. ब्राउझरनं ‘पासवर्ड सेव्ह करू का’ विचारलं तर नाही म्हणा.

काम केंद्रचालकानं केलं, तरी उठण्याआधी म्हणा, “दादा, माझी फाइल माझ्यासमोर पुसा.” यात संकोच नको. कागद आपला आहे.